भागीदाराचा लेख

बुधवार, ८ जानेवारी

ही वही डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून. "राग आला की लिहून काढा, नवऱ्यावर काढू नका," असं त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीत बसलेल्या ह्यांनी इतक्या जोरात मान डोलावली की पहिलं पान मला तिथेच लिहावंसं वाटलं. माझा रक्तदाब वाढलाय, झोप उडालीय, वजन उतरलंय. मी म्हटलं, वजन उतरलं ते बरंच झालं की. बाई काही हसल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "तुम्ही छापखान्यात मुद्रितं तपासायचात ना? माझं एक काम कराल का?" दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दर बुधवारी एक मंडळ जमतं. एकटी पडलेली, खचलेली, कोणाशी न बोलणारी माणसं. ती सगळी मिळून एक पुस्तक लिहिताहेत, आपापल्या आयुष्यातल्या गोष्टींचा संग्रह. लिहिण्याने म्हणे माणूस बरा होतो. होत असेल बापडा. त्यांना संपादक हवाय. म्हणजे मी गेले तपासून घ्यायला आणि बाईंनी स्वतःचंच काम माझ्या गळ्यात मारलं. तरी हो म्हणून बसले, कारण चुका तशाच छापून आलेल्या मला बघवत नाहीत.

घरी आल्यावर ह्यांनी लगेच भाऊजींना बातमी दिली, "हिला संपादक केलंय." भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही सगळे एका घरात, एका स्वयंपाकघरात. चौघं होतो, सप्टेंबरपासून तिघं आहोत. भाऊजींनी पेपरातून मान वर केली. "छान झालं. तेवढाच तिचा जीव रमेल."

माझ्या जिवाला काय धाड भरलीय? बायको त्यांची गेली.

बुधवार, १५ जानेवारी

मंडळ बघितलं. एका खोलीत पाच प्रकारच्या खुर्च्या, भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, कोपऱ्यात वजनकाटा. त्या काट्यावर लोक पिशव्या ठेवतात आणि काटा आपला बिचारा सगळ्यांच्या पिशव्यांचं वजन दाखवत बसतो. मंडळ चालवते ती इथलीच निवृत्त नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणतात. गोड बोलते आणि स्वतःला हवं तेच करून घेते.

लिहिण्याची त्यांची तऱ्हा ऐकून मी डोक्याला हात लावला. स्वतःची गोष्ट स्वतः लिहायची नाही! दोघादोघांनी बसायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. टिपून घ्यायचं नाही. मग ऐकणाऱ्याने घरी जाऊन ती गोष्ट "मी" म्हणून लिहायची, जणू त्याच्यावरच बेतली आहे. वर पुन्हा सगळी ओळख पुसायची. बाईचा पुरुष करायचा, पुरुषाची बाई, धंदा बदलायचा, नाती बदलायची. लेखावर नाव कोणाचंच नाही. ज्याची गोष्ट आहे त्याला पुस्तक छापायला जाईपर्यंत ती मागे घ्यायचा हक्क, आणि का म्हणून कोणी विचारायचं नाही.

मी विचारलं, "म्हणजे सगळं खोटंच छापायचं का?"

"माणसं बदलायची, ताई. त्यांना वाटलं ते बदलायचं नाही," सिस्टर म्हणाली. अशी वाक्यं तिच्याकडे भरपूर आहेत.

एक बस ड्रायव्हर आहेत, ते काहीही ऐकलं तरी त्याची कविता करतात आणि प्रत्येक ओळीला यमक. एक दातांचे डॉक्टर आहेत, तेही निवृत्त. जन्मभर लोकांना "आ करा" म्हणणाऱ्या या गृहस्थांचं स्वतःचं तोंड मात्र कुलूपबंद. बायको गेल्यापासून बोलायचे थांबलेत, असं ड्रायव्हरसाहेबांनी माझ्या कानात सांगितलं, आणि ते इतक्या मोठ्याने सांगितलं की दातवाल्यांनीही ऐकलं.

त्यांच्याशी कोणाची जोडी जमत नाही म्हणून सिस्टरने त्यांच्यासमोर मला बसवलं. मी म्हटलं, "मी संपादक आहे." ती म्हणाली, "हो हो, संपादकच. नुसतं बसा. ते बोलतील."

डोंबल बोलतील. अर्धा तास ते माझ्याकडे आणि मी वजनकाट्याकडे बघत होते. शेवटी कोणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सकाळी दूध उतू गेलं ते सांगितलं.

बुधवार, २२ जानेवारी

आज पुन्हा तेच. त्यांची गोष्ट ऐकायला मी बसायचं आणि बोलायचं मीच. याला काय अर्थ आहे?

तरी एक मान्य करते, ऐकतात चांगलं. उघड्या तोंडात बघत बसायची सवय असणार.

दुधाचं निघालं म्हणून मग गॅसचं निघालं. मी त्यांना सांगितलं की आमच्या घरी गॅस हा दोन जावांमधला प्रश्न होता. थोरली, म्हणजे माझी मोठी जाऊ, तिला सगळं मंद आचेवर. मला मोठ्या. मी भाजी टाकून वळले की ती मागून गॅस बारीक करायची. मी मोठा करायचे. ती पुन्हा बारीक करायची. तोंडाने दोघीही अक्षर बोलायचो नाही. त्या बटणाने दोन बायकांचा हट्ट जन्मभर सोसला. आता गॅस मी ठेवते तेवढाच राहतो, आणि म्हणून तर दूध उतू जातं.

झाकणांचंही सांगितलं. डबा लावायचा तर थोरली असा आवळून लावायची की जणू आत साप आहे. मला उघडायचाच नाही. मग हाक मारावी लागायची, "अहो जाऊबाई." ती यायची, एका हिसक्यात उघडायची आणि माझ्याकडे अशी बघायची की बस्स. तोंडावर मी तिला "तुम्ही" म्हणत आले, इथे "ती" लिहितेय. आता कोण बघणार आहे?

दातवाल्यांनी विचारलं, "आणि आता?" दोन आठवड्यांत तेवढे दोनच शब्द.

मी म्हटलं, "आता काय, सगळे डबे पटापट उघडतात."

शनिवार, २५ जानेवारी

ह्यांनी आज जेवताना पुन्हा सुरू केलं. "तू पण ये ना आमच्याबरोबर. रोज ओट्यापाशी उभी राहून काय खातेस?" मी खाते, पोट भरतं, विषय संपला. माझं ताट मांडायला टेबलाची एक बाजू लागते, आणि त्या बाजूला बसून समोर बघायचं काय, तर रिकामी खुर्ची. त्यापेक्षा ओटा बरा. ह्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं.

भाऊजी डिसेंबरात त्यांच्या मुलीकडे महिनाभर राहून आले, तेव्हापासून जरा तरतरीत दिसतात. सगळ्यांनी त्यांची किती काळजी घेतली. घ्यायलाच हवी.

बुधवार, २९ जानेवारी

आज सिस्टरला स्पष्ट सांगितलं की दातवाल्यांची जोडी दुसऱ्या कोणाशी लाव, मी वाया जातेय. ती म्हणाली, "थोडे दिवस, ताई. ते आता घरी जाऊन लिहायला लागलेत." कशाबद्दल लिहितात, हा माणूस तर काही सांगतच नाही! ती नुसती हसली.

शेवटी आज त्यांना समोरच्या बाईचं सांगितलं. आमच्या समोरच्या घरात राहते ती. थोरली गेली त्याच आठवड्यात आली, भाऊजींपाशी बसून डोळे पुसले, आणि आत येऊन मला म्हणते कशी, "आता काय बाई, अख्खं स्वयंपाकघर तुमचंच."

दातवाले म्हणाले, "मग?"

"मग काय? चहा दिला तिला."

"आणि तुम्हाला?"

मला काय? मी चहा केला होता, मला कोण देणार? असे प्रश्न विचारतात आणि पुन्हा गप्प बसतात. घरी येईपर्यंत डोकं दुखत होतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

लेख आले. सिस्टरने सगळे स्वतःच्या हाताने लिहून काढून दिलेत, म्हणजे अक्षरावरून कोणी ओळखायला नको. देवा रे देवा. स्वल्पविराम असे सांडलेत की झाडू घेऊन बसावं. एका लेखात पहिल्या पानावर मेलेले आजोबा तिसऱ्या पानावर बाजारात जातात. ड्रायव्हरसाहेबांनी कोणाच्या तरी घटस्फोटाची कविता केलीय आणि ती इतकी तालावर बसलीय की नाचावंसं वाटतं. ज्याचा घटस्फोट त्याला काय वाटत असेल!

पण खोटं कशाला लिहू, दोनतीन लेख चांगले आहेत. एक घसरगुंडीवरून पडलेल्या मुलीचा आहे, तो वाचताना लाल पेन बाजूला ठेवलं गेलं.

मी स्वतः संपादकीय लिहिलंय. तीन पानं. संग्रह म्हणजे काय, माणसाने का लिहावं, शुद्ध का लिहावं. बरं जमलंय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एक लेख आहे, त्याने माझं डोकं उठवलंय. कोणीतरी घड्याळं दुरुस्त करणारा आहे. त्याचा दुकानातला भागीदार वारलाय. आता भागीदार म्हणजे काय रक्ताचं नातं आहे? पण गडी पानंच्या पानं त्याच्याबद्दल तक्रारी करतोय. इथे उतरवून ठेवते, म्हणजे मला काय वाटतंय ते कळेल:

"मी दुकानात आलो तेव्हा तो आधीपासून तिथे बसलेला होता. त्याला मी निवडलं नव्हतं, मला त्याने निवडलं नव्हतं. टेबलावर दिवा एकच. तो दिव्याची मान आपल्याकडे वळवायचा, मी माझ्याकडे. यावर आम्ही कधी बोललो नाही. बारीक स्क्रूंची बरणी तो इतकी घट्ट लावायचा की मला उघडायची नाही, त्यालाच बोलवावं लागायचं. आता बरणी लगेच उघडते. दिवा मी ठेवतो तिथेच राहतो."

दिव्यावरून भांडणारी दोन घोडी माणसं! काय हा पोरकटपणा. आणि गेला तर गेला, आता दिवा मिळाला ना सगळा? मग कटकट कशाची?

पुढे लिहितो, लोक भेटायला आले ते भागीदाराच्या बायकोला. साहजिकच आहे. तिला नाही भेटायचं तर काय ह्याला? म्हणे कोणीतरी काउंटरपाशी येऊन म्हणालं, आता अख्खं दुकान तुमचंच. घ्या. म्हणजे आमच्या समोरचीसारखी माणसं सगळ्या धंद्यांत असतात.

शेवटचं पान वाचलंच नाही. काय असणार त्यात, रडगाणं. दुपारी पडले तर डोळा लागेना. त्या माणसाला गदागदा हलवून सांगावंसं वाटत होतं, अरे बाबा, तुझं कोण होतं ते? पुन्हा दूध उतू गेलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

छापखान्यात बोलून आले. पुस्तकं छापतात ती सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत, त्याला फर्मा म्हणतात. आपलं पुस्तक चार फर्म्यांत बसवायचं ठरलंय, आणि तीन पानं जास्त होताहेत. म्हणजे एक लेख गाळायला हवा.

भागीदाराचा गाळायचा. बरोबर तीन पानांचा आहे. यात राग नाही, हिशेब आहे. त्यात काही घडतच नाही. एक माणूस होता, तो गेला, दुसरा चिडलाय. याला गोष्ट म्हणतात का? वाचकाला काय मिळणार? लाल पेनने फुली मारली तेव्हा बरं वाटलं.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "ज्याचा लेख आहे त्याला वाईट वाटेल." वाटू दे. मी तिथे कोणाचे लाड करायला जात नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजच्यासारखं विचित्र काही झालं नसेल.

मी तयारीनिशी गेले होते. वाद होणार हे गृहीत होतं. या लोकांनी गेल्या वेळी एका पूर्णविरामासाठी वीस मिनिटं घातली होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, "भागीदाराचा लेख मी काढून टाकलाय."

सिस्टर सावकाश म्हणाली, "ठीक आहे, ताई. तो हक्कच आहे."

मी म्हटलं, "मी कारणं सांगते."

"कारण नको. कारण विचारायचं नाही असंच ठरलंय."

मला कारणं सांगायची होती! मी पाच कारणं काढून ठेवली होती. कोणी ऐकूनच घेईना. ड्रायव्हरसाहेब उठले आणि माझ्यासाठी खालून चहा घेऊन आले. आजवर या माणसाने कोणासाठी खुर्ची सरकवली नव्हती. सिस्टरने खांद्यावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. एकीने तिचा रुमाल पुढे केला. रुमाल कशाला? मी काय शिंकले होते? एक साधा लेख गाळला तर सगळे असे वागत होते की जणू माझ्याच घरी कोणी गेलंय.

दातवाले तेवढे खाली मान घालून बसले होते. उठताना त्यांची खुर्ची पडली, ती उचलायचंही त्यांना भान नव्हतं. मग मीच उचलली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचा फोन. झोप लागते का, जेवता का. मी म्हटलं, "पुस्तकाचं विचारा ना, सोमवारी छापायला जातंय." म्हणाल्या, "पुस्तकाचं काय, पुस्तक होईल. तुम्ही कशा आहात?" संपादकाला ही चौकशी कशाला? रक्तदाब पुन्हा वर गेलाय म्हणे. जाणारच. इतके दिवस मी कशावरही बोलले तरी हे लोक वाद घालायचे, तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता घालत नाहीत तर जास्त येतोय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दातवाले घरी आले. घामाघूम. आमचं घर शोधत बराच वेळ फिरले असणार. हे आणि भाऊजी बाहेर गेले होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. आणि बोलले! जे आजवर बोलले नव्हते ते सगळं साठवून आणल्यासारखं बोलले.

"मी माफी मागायला आलोय. तुम्हाला ते आवडलं नाही, काढून टाकलंत, तो तुमचा हक्क. पण माझ्याकडून चूक कुठे झाली ते कळावं म्हणून आलो. भागीदार केला ते चुकलं का?"

मी म्हटलं, "कोणाचं काय केलं?"

"जावेचं काय करावं ते मला सुचेना. बहीण केली असती तर खोटं झालं असतं. मैत्रीण म्हणावं, तर मैत्रीण आपण निवडतो. नवरा-बायको केलं असतं तर लोकांनी लगेच समजून घेतलं असतं, आणि तुमचं दुखणं तेच आहे की कोणी समजून घेत नाही. मग मला दुकान सुचलं. एक टेबल, एक दिवा, आणि दोन माणसं, एकमेकांना न निवडलेली."

मी म्हटलं, "तो लेख माझा आहे?"

"म्हणजे तुम्हाला... तुम्ही तपासलात ना? आम्हाला वाटलं, तुम्ही वाचलात आणि मागे घेतलात."

"मी संपादक होते हो! मी काही सांगायला आले नव्हते."

"पण तुम्ही सांगत होतात," ते म्हणाले. "दर बुधवारी."

मग त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले की बायको गेल्यावर त्यांच्याकडे माणसांची रीघ लागली होती. सगळे त्यांचा हात हातात घ्यायचे, आणि त्यांना बोलायचा कंटाळा यायला लागला. "तुमचं ऐकताना वाटलं, माझ्याकडे जे जास्त झालं ते तुम्हाला कोणी दिलंच नाही."

मला भयंकर राग आला. कोणाचा ते कळेना. त्यांचा, सिस्टरचा, त्या डॉक्टरीणबाईंचा. संपादक म्हणे! मला पेशंट म्हणूनच वर पाठवलं होतं, आणि हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. ह्यांनासुद्धा माहीत असणार. दातवाल्यांना चहा विचारायचंही राहिलं. ते गेले, मी दार लावलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळे डबे हाताला लागतील तसे आवळून लावले. मग त्यातला एकही मला उघडेना.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी फुली मारलेली तीन पानं काढली. शेवटचं पान वाचलं. त्यात लिहिलंय:

"लोक विचारतात, तुझं कोण होतं? मला सांगता येत नाही. रडणाऱ्यांची रांग लागली तर त्यात माझा नंबर कुठे लागतो ते मला माहीत नाही, म्हणून मी रांगेतच उभा राहत नाही. मी चिडतो. चिडायला कोणाची परवानगी लागत नाही. पण दिवसभरात माझ्याशी सगळ्यांत जास्त वेळ कोण असायचं, तर तो. बायकोपेक्षा जास्त, मुलांपेक्षा जास्त. मी कसा श्वास घेतो हे त्याला माहीत होतं. आता मी काहीही केलं तरी ते मागून कोणी बदलत नाही."

हे मी कधी बोलले? असं मी बोललेच नाही. मी गॅसबद्दल बोलत होते.

मग लाल पेन घेतलं. "दुकान" खोडून "स्वयंपाकघर" केलं. "दिवा" खोडून "गॅस" केला. "स्क्रूंची बरणी" काढली, "साखरेचा डबा" घातला. जिथे जिथे "तो" होता तिथे "ती" केलं, आणि "भागीदार" जिथे होता तिथे प्रत्येक वेळी "जाऊ" लिहिलं, ठळक, म्हणजे छापखान्यात अक्षरं जुळवणारा जुळारी चुकायला नको. बायकोला भेटायला आलेली माणसं नवऱ्याला भेटायला आणली. "मी कसा श्वास घेतो" हे वाक्य फार गोड वाटलं म्हणून काढणार होते. ते खरं आहे. ठेवलं.

सिस्टरला फोन करून सांगितलं की लेख पुस्तकात जाईल, ओळख न पुसता जाईल, आणि खाली माझं नाव पडेल. ती म्हणाली, "नियमात बसत नाही, ताई." मी म्हटलं, "संपादक कोण आहे?" तीन पानं जागा करायची म्हणून माझं संपादकीय काढून टाकलं. शुद्ध का लिहावं ते लोकांना पुन्हा कधीतरी सांगेन.

दुपारी हे आणि भाऊजी जेवायला बसले. मी ओट्यापाशी होते. मी म्हटलं, "एक लेख वाचून दाखवते. मध्ये बोलायचं नाही." आणि उभ्याउभ्याच वाचला. माझा वाचण्याचा आवाज छापखान्यातला आहे, एकसुरी, विरामचिन्हांसकट. त्यामुळे बरं पडलं.

वाचून झाल्यावर कोणी जेवेना. हे ताटातल्या भाताशी खेळत होते. भाऊजी खिडकीकडे बघत होते, आणि मला वाटलं चुकलंच माझं. बायको त्यांची, आणि दुःख मी सांगत बसलेय. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला नको असेल तर काढते."

भाऊजी म्हणाले, "लोक यायचे, माझ्यासमोर बसायचे. मला काय बोलावं ते सुचायचं नाही. आतून कपबश्यांचा आवाज यायचा. तेव्हाच सांगायला हवं होतं मी त्यांना, की माझ्याजवळ काय बसलाय, आत जा. जिचं माणूस गेलंय ती आत तुमचा चहा करतेय."

मी म्हटलं, "हे आता सुचतंय होय तुम्हाला?"

आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेचना. सप्टेंबरपासूनचं सगळं एकदम आलं, नाकातोंडातून, अगदी लाज वाटावी असं. हे बिचारे घाबरले. "अगं, रक्तदाब, रक्तदाब," करत पाणी आणायला उठले.

भाऊजींनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. म्हणाले, "रडू दे तिला. जाऊ गेलीय तिची."